तिथी पाहून लाटेवर

घनसावंगीचा आणि समुद्राचा संबंध काय, असे मला कोणी विचारले असते, तर सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा एक धडा आहे आणि तो मी एकोणतीस वर्षे शिकवला, एवढेच मी सांगितले असते. आमच्या तालुक्याच्या दक्षिण शिवेवरून गोदावरी वाहते खरी. पण तीही आमच्याकडचे पाणी घेऊन जाते ती थेट पूर्वेच्या समुद्राला. पश्चिमेचा समुद्र आमच्यापासून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर. कापूस, ज्वारी, मोसंबी आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे, हे आमचे व्यवहार. आमच्याच तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी पुढे नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे कमरेइतक्या पाण्यात उभे राहून जप केला, असे परंपरा सांगते. पाण्यात उभे राहण्यातली आमची सारी कीर्ती तेवढ्यावरच संपते.

तेव्हा निवृत्त झालेल्या, एकोणसाठ वर्षांच्या, चष्मा लावणाऱ्या शाळेतल्या बाई गोव्यात आठ-नऊ फुटी फळी घेऊन लाटांत शिरल्या, ही बातमी गावात पोहोचल्यावर काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. आमच्या शेजारच्या काकू तर, "बाईंना काही झालं नाही ना?" असे विचारायला आल्या. त्यांचा रोख प्रकृतीकडे नव्हता.

झाले असे, की २०२४ च्या दिवाळीत माझी भाची वैदेही भाऊबिजेला आली होती. ती पुण्याला नोकरी करते. फराळाचे ताट पुढे घेऊन ती म्हणाली, "मावशी, मी उद्या गोव्याला जातेय. आठ दिवस. सर्फिंग शिकायला. तू चल."

सर्फिंग म्हणजे लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभे राहायचे आणि लाट नेईल तसे किनाऱ्यापर्यंत यायचे. एवढे मलाही दूरदर्शनच्या कृपेने ठाऊक होते. पण ते डोंगराएवढ्या लाटांवर, तांबूस केसांची माणसे करतात, अशी माझी समजूत. वैदेही म्हणाली, "तसल्या लाटा नाहीत गं. नवशिक्यांसाठी गुडघ्याएवढ्या, फार तर कमरेएवढ्या. खाली नुसती वाळू."

माझे थोरले बंधू आतापर्यंत चिवड्यातले खोबरे वेचत होते. ते एकदम म्हणाले, "कुणी जायचं नाही."

दादांचा हा हुकूम नुसता वडीलकीचा नव्हता. आमच्याकडच्या घरांत समुद्राचे नाव निघाले की माणसे गप्प होतात. देशावरची मुले सहलीला कोकणात जातात आणि वर्तमानपत्रात फोटो येतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावचे आठ जण गेले. हे मोठे आकडे म्हणून लक्षात राहिले. एक-दोन जण बुडतात त्यांची बातमी चार ओळींची असते. तसल्याच चार ओळींत काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. त्याची आई अजून गावात आहे. उत्तम पोहणारा. विहिरीच्या थारोळ्यावरून सूर मारणारा. भरती-ओहोटीच्या आकृतीला माझ्या विषयात त्याला पैकीच्या पैकी गुण होते, आणि त्या आकृतीत चंद्र होता, सूर्य होता, पृथ्वी होती. पाण्यात उतरलेला माणूस मात्र कुठल्याच पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत नसतो.

तो पोहता येत असून का बुडाला, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून होता. मी वैदेहीला म्हटले, "येते." दादा दोन दिवस बोलले नाहीत.

जालन्याहून रात्रीची गाडी, मग कोकण रेल्वे, थिवीला उतरून पुढे मोटार, असे करीत आम्ही कार्तिक शुद्ध चतुर्थीला सकाळी पेडणे तालुक्यात आश्वे गावी पोहोचलो. मोरजी आणि मांद्रे यांच्या मधला हा किनारा. वैदेहीने कुठल्याशा शिकवणीत आमची नावे घातली होती. शिकवणारा पंचविशीतला मुलगा, पेडण्याचाच, त्यामुळे मराठी आपल्यासारखे. तो वैदेहीचे ऐकून मला पहिल्या मिनिटापासून मावशीच म्हणू लागला.

समुद्र पाहून माझे काय झाले ते सांगत बसत नाही. मतलई वारे आणि खारे वारे यांची व्याख्या हजार मुलांकडून पाठ करून घेतलेल्या बाईने पहाटे पाठीवर मतलई वारा प्रथम घेतला, तर तिला काय वाटेल? जमीन रात्री लवकर निवते, म्हणून रात्री व सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, दुपारी उलट. पुस्तकात दोन बाण काढलेले असतात. इथे मी त्या बाणावर उभी होते! आणि त्याचा उपयोगही दिसत होता. सकाळचा मतलई वारा लाटेला समोरून थोपवून धरतो, तिचे अंग काचेसारखे गुळगुळीत ठेवतो. दुपारी खारा वारा सुटला की तीच लाट चुरगळलेल्या लुगड्यासारखी होते. म्हणून सर्फिंगवाले सकाळी उठतात.

पण आम्ही सकाळी आठला किनाऱ्यावर उभ्या, तर तो मुलगा म्हणतो, "आत्ता नाही. साडेनऊला या. आत्ता सुकती आहे."

सुकती म्हणजे ओहोटी. पाणी पार आत गेले होते, ओल्या वाळूवर खेकड्यांच्या गोळ्यांची रांगोळी. दूरवर वाळूचा एक बांध पाण्याखाली असावा, कारण लाट तिथे येऊन एकदमच, भिंत पडावी तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत कोसळत होती. "ह्या लाटेवर बसायला जागाच नाही," तो म्हणाला. "शिवाय तिथे पाणी ढोपरभर. डोक्यावर पडलात तर वाळूवर आपटाल. पाणी भरू दे."

बाजूला एक म्हातारे रापणकार जाळे सुकवीत बसले होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसांनी ओढायचे मोठे जाळे. मी त्यांना विचारले, "आजोबा, पाणी किती वाजता भरेल?" त्यांनी घड्याळ पाहिले नाही, समुद्रही पाहिला नाही. "आज चवथ ना?" म्हणाले. "चाराची पाऊणपट तीन. तीनच्या आत-बाहेर भरती. आमच्याकडे थोडी आधी."

मी तिथेच वाळूत बसले. वाचकहो, हा हिशेब कोकणात जुन्या माणसांना बोटांवर येतो, पण आमच्या मराठवाड्यात तो मी कधी ऐकला नव्हता. तिथीला पाऊणाने गुणायचे, येईल तेवढे वाजता भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा एकपासून. एक भरती दिवसाची, एक रात्रीची. दोन भरत्यांच्या मध्ये, सहा तासांवर थोडी मिनिटे, ओहोटी. यात जादू नाही. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी होते, आणि पृथ्वीला बारा अंश फिरायला अठ्ठेचाळीस मिनिटे लागतात. कोळ्यांनी ती सोयीसाठी पाऊण तास धरली. जागेप्रमाणे फरक पडतो, मुंबईला वेळ थोडी पुढे, गोव्याला मागे. वाऱ्यापावसानेही ती सरकते. छापील कोष्टक अधिक नेमके असते आणि आता ते मोबाईलवर मिळते. पण कोष्टक पाहायला आधी ते पाहावे, हे सुचावे लागते. तिथी मात्र आमच्या घनसावंगीत प्रत्येक स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेली आहे! चतुर्थीचा उपास, एकादशीचा उपास, अमावास्येला शेतात औत नाही. समुद्राचे वेळापत्रक आम्ही पिढ्यान् पिढ्या घरात बाळगून होतो आणि त्यावर साबुदाणा भिजत घालीत होतो.

असो. तर पाणी भरण्याची एवढी प्रतीक्षा कशासाठी? त्याचे कारण लाटेच्या फुटण्यात आहे. खोल समुद्रात लाट फुटत नाही; ती पाण्यातून नुसती पुढे जात असते. पाणी उथळ झाले की तिचा पाय तळाला अडतो, डोके पुढे जाते आणि ती फुटते. साधारण दोन फुटांची लाट अडीच फूट पाण्यात आली की फुटायला होते. आता ओहोटीला हे अडीच फूट पाणी लांबच्या बांधावर असते, पूर्ण भरतीला ते अगदी काठाशी, जिथे किनारा चढणीचा असतो तिथे. चढावर लाट कोसळते, फटकन्. सौम्य उतारावर तीच लाट ढासळते. माथ्यावरून थोडा थोडा फेस खाली घरंगळत येतो आणि ती बऱ्याच अंतरापर्यंत तशीच ढकलत राहते. नवशिक्याला ही ढासळणारी लाट हवी. त्या दिवसांत आश्व्याला ती मिळत होती पाणी निम्म्यावर असताना, वाळूच्या लांब, सपाट पट्टीवर. वर तास-दीड तास, खाली तास-दीड तास. तेवढा समुद्र शाळेतला, बाकीचा कॉलेजातला.

आणि ह्या लाटा येतात कुठून? हे मला फार आवडले. पावसाळा संपल्यावर आपल्या किनाऱ्यावर वारा बेताचा असतो, तरी लाटा येतच असतात. त्यांतल्या बऱ्याचशा दक्षिणेकडच्या हिंदी महासागरात, अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळी पट्ट्यात जन्मलेल्या असतात आणि हजारो किलोमीटर चालून इथे पोहोचतात. वाटेत लहान, उर्मट लाटा मागे पडतात, लांब पावलांच्या तेवढ्या येतात. म्हणून त्या इतक्या शिस्तीत, ओळीने येतात. हिवाळ्यात कधी अरबस्तानाकडून शमाल नावाचा वारा सुटतो, त्याच्याही लाटा वायव्येकडून येऊन मिळतात. गोव्यातच दोनापावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे; तिथल्या शास्त्रज्ञांनी या शमालच्या लाटांचा अभ्यास केला आहे. जून ते सप्टेंबर मात्र हा सगळा सभ्यपणा संपतो. मग तो समुद्र कोणाचाच नाही.

साडेनऊला आम्ही उतरलो. वेषाविषयी भगिनींना उत्सुकता असेल म्हणून सांगते: पंजाबी पोशाखातली सुरवार आणि वर पूर्ण बाह्यांचा घट्ट सदरा, जो तिथे भाड्याने मिळतो. ओढणीचा त्याग केला. फळी स्पंजासारख्या मऊ वस्तूने मढवलेली, डोक्यात लागली तरी खोक पडू नये म्हणून. तिच्या शेपटाला एक दोरी आणि तिचे दुसरे टोक आपल्या पायाच्या घोट्याला. हे पाहून मला एकदम माहेरची विहीर आठवली. तिथे आम्ही पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकलो, आणि डब्याची दोरी वडील स्वतः ओढून पाहत. दोरी ओढून पाहणारे कोणी असले, की निम्मे पोहणे आलेच.

आधी अर्धा तास कोरड्या वाळूतच धडे. वाळूवर फळीची आकृती काढली, तिच्यावर पालथे पडायचे, छाती उचलायची, हात बरगड्यांशी टेकायचे, आणि एका झटक्यात पाय पोटाखाली ओढून उभे राहायचे, एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले. नजर पायाकडे नाही; किनाऱ्याकडे. जो खाली पाहतो तो खाली जातो. हा झटका पंचविशीत सोपा असतो. माझे गुडघे त्या झटक्याला कबूल होईनात. तो मुलगा म्हणाला, "मावशी, तुम्ही आधी गुडघ्यांवर राहा. घाई कुणाला आहे?"

पण पाण्यात जाण्याआधी त्याने आम्हाला आणखी एक गोष्ट दाखवली, आणि माझ्या दृष्टीने सगळे गोवे त्या पाच मिनिटांत वसूल झाले. त्याने आम्हाला थोड्या उंच वाळूवर नेले आणि विचारले, "मावशी, तुम्हाला आंघोळीला उतरायचं असेल तर कुठून उतराल?"

मी पाहिले. समोर सगळीकडे लाटा फुटत होत्या, पांढरा फेस होता. डावीकडे मात्र एक दहा-पंधरा हात रुंद पट्टा शांत होता. तिथे लाट फुटतच नव्हती. पाणी जरा गढूळ, काळसर. मी अर्थातच त्या शांत पट्ट्याकडे बोट केले. नदीकाठचे माणूस दुसरीकडे कशाला दाखवील? नदीत खळाळ म्हणजे धोका, संथ पाणी म्हणजे घाट.

"तिथे माणसं मरतात," तो म्हणाला.

लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधते आणि वाळूच्या दोन बांधांमध्ये जिथे खोलगट जागा सापडते तिथून वेगाने आत, समुद्राकडे जाते. तिथे खोली अधिक म्हणून लाट फुटत नाही. म्हणून ती जागा शांत दिसते. ही ओढ. ती माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. ओहोटीच्या वेळी बांधांवरचे पाणी कमी झाले, की सगळे पाणी याच वाटेने निघते आणि ओढ बहुधा अधिक जोर धरते. आता चांगला पोहणारा काय करील? तो किनारा दूर जाताना पाहील, घाबरेल आणि सरळ किनाऱ्याकडे, म्हणजे त्या प्रवाहाच्या तोंडावर, जीव खाऊन पोहू लागेल. ऑलिंपिकचा पोहणारासुद्धा तिथे हटतो. दमतो, आणि मग बुडतो. ज्याला कमी पोहता येते तो भीतीने काठाशीच राहतो. पट्टीचा पोहणारा आत जातो.

मी त्या मुलाला पुन्हा एकदा सगळे सांगायला लावले. मग काय करायचे? "अंग सोडायचं. पाठीवर पडायचं, तरंगायचं, एक हात वर करायचा. दम आहे तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. ओढीची रुंदी थोडीच असते. आडवे बाहेर पडलात, की जिथे लाटा फुटतात तिथून लाटाच तुम्हाला परत आणतील." म्हणजे जो फेस पाहून आपण घाबरतो तोच परतीची वाट, आणि जे शांत पाणी पाहून आपण शिरतो ती जाण्याची.

तिथे वैदेही नसती तर मी थोडी रडले असते. त्याच्या आईला हे सांगून आता काय उपयोग, असे मनात आले. आणि पुढे मी ते सांगितले नाहीही. पण तो का बुडाला असावा, याचे एक शक्य उत्तर मला मिळाले होते, आणि ते उत्तर शिकवता येण्यासारखे होते.

गोव्यात एक सोय बरी आहे. २००८ पासून तिथल्या सरकारने दृष्टी मरीन या कंपनीकडे जीवरक्षकांचे काम दिले आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पोहावे, नुसता लाल झेंडा असेल तिथे उतरू नये, हे साधे तत्त्व. पण सायंकाळी ते घरी जातात. आणि आपली माणसे नेमकी सूर्यास्त पाहून झाल्यावर, चहा-भजी झाल्यावर, अंधारात लाटांत उभे राहून फोटो काढतात. यावर एका बाईच्या लेखाने काय होणार, पण लिहून ठेवते.

पहिल्या दिवशी मी उभी राहिले नाही, गुडघ्यांवरही नाही. नुसती पालथी. कमरेइतक्या पाण्यात तो मुलगा फळी धरून उभा, मागून फुटून आलेला फेस पाहतो, आणि म्हणतो, "आता!" आणि ढकलतो. त्यानंतर जे होते त्याला मराठीत शब्द नाही. निदान भूगोलाच्या मराठीत नाही. कोणीतरी मोठ्या, मऊ हाताने तुम्हाला उचलून चालायला लागते. पंचवीस-तीस यार्ड. मग वाळू पोटाला लागते आणि तुम्ही लहान मुलासारखे मागे वळून पाहता, पुन्हा!

वैदेही दुसऱ्या दिवशी उभी राहिली. ती पडतानाही सुरेख पडते. त्या संध्याकाळी तिने मला या खेळाची वंशावळ सांगितली. हवाई बेटांतली ही कला. तिथले राजे आणि प्रजा, बायका आणि पुरुष, सगळे लाकडाच्या फळ्यांवर लाटांशी खेळत. कॅप्टन कुकची जहाजे १७७८ साली तिथे पोहोचली, आणि त्यांच्यातल्या जेम्स किंग या अधिकाऱ्याने १७७९ साली या खेळाचे वर्णन लिहून ठेवले. पुढे मिशनरी आले, रोगराई आली, तिथली माणसेच कमी झाली आणि खेळही मावळला. विसाव्या शतकात त्याला पुन्हा जगापुढे आणणाऱ्यांत मोठे नाव ड्यूक कहानामोकू याचे. १९१२ आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्याने जिंकले, आणि १९१४-१५ साली ऑस्ट्रेलियात जाऊन लाटेवर उभे राहून दाखवले. सर्फिंग स्वतः ऑलिंपिकमध्ये यायला २०२१ साल उजाडले, टोकियोत. आपल्याकडे कर्नाटकात मुल्कीला २००४ साली पहिला नामांकित क्लब निघाला. आणि मुंबईची एक मुलगी, इशिता मालवीय, मणिपालला शिकायला गेली असता २००७ साली सर्फिंग शिकली. देशातली पहिली स्त्री सर्फर म्हणून तिचे नाव घेतात. मला हे ऐकून बरे वाटले. मुली आधी जातात, मावश्या मागून.

पुढचे दिवस आम्ही तिथीप्रमाणे घालवले. पंचमी, षष्ठी असे करीत ओहोटीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकली. त्यामुळे सप्तमीपासून उलट झाले: पाणी भरण्याची वाट पाहायची ती उतरण्याची पाहायची, आणि सकाळी साडेसातलाच आत. उतरत्या पाण्यात तो मुलगा आम्हाला पट्टीच्या मधोमध ठेवी, कमरेपेक्षा खोल जाऊ देत नसे, आणि ती शांत वाट आज कुठे आहे, हे रोज आधी मलाच विचारी. ती रोज थोडी हलते. तिसऱ्या दिवशी मी बरोबर ओळखली तेव्हा, पहिल्या वर्गातल्या मुलीला वाटावे तसे मला वाटले.

अष्टमीच्या आसपास भांग येतो. म्हणजे चंद्र आणि सूर्य काटकोनात असतात, दोघांची ओढ एकमेकांना मारते, आणि भरती-ओहोटीतला फरक लहान होतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा गोव्यात पाणी दोन मीटरच्या आसपास वर-खाली होते, मुंबईत साडेचार मीटरहूनही अधिक, आणि खंबायतच्या आखातात दहा. भांगाच्या दिवसांत गोव्यात निम्मेसुद्धा नाही. पाणी जाग्यावरच रेंगाळते. माझ्यासारख्यांना हे दिवस फार सोयीचे. एकच लाट एकाच जागी, तासन् तास, एखाद्या सहनशील मास्तरासारखी येत राहते.

नवमीला मी उभी राहिले. किती वेळ? "घनसावंगी" हा शब्द सावकाश उच्चारायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग "गी" वर पडले. चष्मा दोरीने बांधला होता, तो राहिला. वैदेहीने फोटो काढला आहे. त्यात समुद्र खूप आहे आणि मी थोडी आहे, पण पाय फळीवर आहेत हे स्पष्ट दिसते. दादांना तो दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहून, "पाणी किती होतं तिथं?" एवढेच विचारले. कमरेपर्यंत, म्हटले. "मग ठीक आहे," म्हणाले. हे त्यांचे पहिले वाक्य.

कार्तिकी एकादशीला सकाळी आठच्या सुमारास पाणी काठोकाठ भरले होते. लाटा थेट वरच्या चढणीवर येऊन आपटत होत्या आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेत होत्या. समुद्र तुडुंब आणि आमचा उपास! आम्ही दोघी फळ्या न घेता माडाखाली राजगिऱ्याचे लाडू खात बसलो. दोन मोटारी भरून कुठलेसे कुटुंब आले, बहुधा आपल्याच बाजूचे, आणि मुले कपड्यांसकट धावत निघाली. काठाशीच लाट कोसळत होती, तिथेच. मी उठले आणि शाळेतल्या आवाजात ओरडले. एकोणतीस वर्षांचा आवाज असतो तो, मुले थबकली. त्यांच्या वडिलांना राग आला असावा. मी त्यांना तिथी सांगितली, अकरानंतर या म्हटले, झेंडे दाखवले. "तुम्ही इथल्या का?" त्यांनी विचारले. "नाही, घनसावंगीची." ते माझ्याकडे पाहतच राहिले, पण मुलांना घेऊन नाश्त्याला गेले.

परत आल्यावर माझ्याकडे एक नवा उद्योग आला आहे. सुटीत सहली निघतात त्याआधी गावातली मुले, आणि आता त्यांचे सरही, तारीख घेऊन येतात. मी कालनिर्णय काढते, तिथी पाहते, पाऊणपट करते, मग मोबाईलवरच्या कोष्टकाशी ताडून पाहते. परवाच एक मंडळी महाशिवरात्रीला देवगडजवळ कुणकेश्वरला जाण्याचे ठरवून आली. महाशिवरात्र म्हणजे चतुर्दशी, दुसऱ्या दिवशी अमावास्या; तिथे यात्रा मोठी, समुद्रस्नानाची प्रथा आहे, आणि नेमके उधाण. मी लिहून दिले: भरती साडेदहा ते सव्वाअकराच्या दरम्यान, त्यानंतर पाणी जोरात उतरेल, तेव्हा आत नको. स्नान सकाळी आठच्या आधी, गुडघ्यापर्यंत, जिथे फेस आहे तिथे. जिथे पाणी शांत दिसेल तिथे कोणीही नाही. तांब्या बरोबर न्यावा.

"बाई, तांब्या कशाला?" एकाने विचारले.

गुडघ्याएवढ्या पाण्यात डोक्यावरून स्नान करायचे तर तांब्या नको?